कृमींचं आयुष्य तीन आठवड्यांचं आहे, फेलोशिप वेळेवर द्या

मा. केंद्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्री,
सादर नमस्कार.

मी अल्झायमरवर काम करते. माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली असतो जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक सूत्रकृमी, सी. एलिगन्स. चेतापेशी मोजून ३०२. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ सालीच प्रसिद्ध झालाय. आयुष्य दोन-तीन आठवडे.

या कृमीला आपणहून अल्झायमर होत नाही. रुग्णांच्या मेंदूत साचणारं अमायलॉइड बीटा हे प्रथिन त्याच्या शरीरात तयार व्हावं म्हणून माणसाचं जनुक त्यात घालावं लागतं. मग आम्ही त्याला शिकवतो. उपाशी कृमींना खाद्य आणि ब्युटेनोन या रसायनाचा वास एकत्र द्यायचा. एकदाच दिला, तर दोनेक तासांत विसरतात. मध्ये अर्धा-अर्धा तास उपाशी ठेवून सात वेळा दिला, तर निरोगी कृमी दुसऱ्या दिवशीही वासाकडे सरपटत जातात. या शिकवणीत अख्खा दिवस जातो, मध्ये उठून चालत नाही. दुसऱ्या दिवशी जनुक घातलेले कृमी प्लेटच्या मधोमध घुटमळताना दिसले, तरी ‘विसरले’ असं लगेच लिहिता येत नाही. वासच येत नसेल तर? अंगात चालण्याचं बळ नसेल तर? त्यासाठी वेगळ्या प्लेटा, वेगळी मोजणी. खरं विज्ञान या कंटाळवाण्या मोजणीतच आहे, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या वर्षी हे काम करणाऱ्या आमच्या विद्यार्थिनीची फेलोशिप पाच महिने आली नाही. खोलीचं भाडं थकलं. ती संध्याकाळी शिकवण्या घेऊ लागली आणि सात फेऱ्यांचा प्रयोग बंद पडला. शेवटी तिने नोकरी धरली. कृमी उणे ८० अंशांवर गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतात. तिचा तयार झालेला हात कुठे ठेवू?

साहेब, देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कृमीत गुण आलेलं औषध माणसाला लागू पडेलच असं नाही, हे मी कबूल करते. पण शेकडो रसायनांतून कशाचा पाठपुरावा करायचा, हे इथे काही आठवड्यांत आणि थोड्या पैशांत चाचपता येतं.

मागणी एवढीच आहे. फेलोशिप दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत खात्यात जमा व्हावी, आणि कागदपत्रं अडली तर ती कोणत्या टेबलावर आहेत हे विद्यार्थ्याला ऑनलाइन दिसावं.

आपली नम्र,
पुण्यातील एक संशोधक