मखुलूंनी आजीचे नाव विचारले

माखांडा, ईस्टर्न केप, दक्षिण आफ्रिका

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती बरी आहे. थायरॉईड, लोह, साखर सारे तपासून झाले, कशातही दोष निघाला नाही, तेव्हा तो विषय येथेच संपवते. पत्राचे कारण वेगळे आहे आणि ते तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही, कारण नवरात्रात आजीच्या अंगात येई तेव्हा हळदीची परात धरून माझ्या शेजारी तूच उभी असायचीस.

मखुलूंनी, म्हणजे इथल्या झोसा लोकांच्या एका इग्किरांनी (पूर्वजांशी बोलून उपचार करणाऱ्या बाईंनी), गेल्या आठवड्यात मला उकुथ्वासा, म्हणजे त्या विद्येची दीक्षा, स्वीकारायला सांगितले. माझा थकवा, झोपमोड आणि नदीकाठी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईचे वारंवार पडणारे स्वप्न हे पूर्वजांचे बोलावणे आहे, त्याला होकार देऊन मी इग्किरा होण्याचे शिक्षण घ्यावे, एरवी हे दुखणे हटणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. एकांतात सांगितले असते तर मी नम्रपणे ऐकून घरी आले असते. पण त्यांनी ते इंत्लोंबेत, भरल्या घरात सांगितले. रात्रभर माणसे भिंतीला लागून बसतात, टाळ्यांवर गातात, इग्किरा आणि त्यांच्या शिष्या मधोमध जमिनीवर पाय आपटत नाचतात, आणि मधेच कोणी थांबून आपले स्वप्न किंवा सल सांगू लागला की सारे ‘चामागू’ म्हणून त्याला धीर देतात. पहाटे मखुलूंनी मला उभे केले आणि एकेक गोष्ट सांगत गेल्या. प्रत्येक वाक्याला घर ‘सियावुमा’, म्हणजे ‘आम्हाला मान्य आहे’, म्हणत होते. नदी त्यांनी ओळखली. मी ते स्वप्न त्यांना सांगितले नव्हते.

तू पेन उचलण्याआधी मीच लिहिते: यात चमत्कार नाही. नदीखाली राहणाऱ्या माणसांवर इथे श्रद्धा आहे, त्यांना टोपलीतून तंबाखू, पांढरे मणी, ज्वारी आणि भोपळ्याच्या बिया अर्पण करतात, आणि बोलावणे आलेल्या माणसाच्या स्वप्नात नदी येणे हे इथे अपेक्षितच असते. मला हलवले ते त्यानंतरच्या प्रश्नाने. ही बाई कोण, तिचे नाव काय, ती कोणत्या घराची मुलगी, असे त्यांनी विचारले. विहिरीवर साती आसरांना खण-नारळ ठेवणारी आजी माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मी गप्प राहिले.

होकार दिला तर काय करावे लागेल, हे मी आता जवळून पाहते आहे. हे शिक्षण वर्षानुवर्षे चालते. शिष्येने पांढरे मणी घालायचे, अंगाला पांढरी माती लावायची, गुरूच्या घरचे पाणी भरायचे, ब्रह्मचर्य पाळायचे, आणि रोज पहाटे उबुलावू, म्हणजे औषधी मुळ्यांचे पाणी, घुसळून त्याचा फेस प्यायचा व त्याने अंग धुवायचे, म्हणजे स्वप्ने स्वच्छ पडतात. पडलेले प्रत्येक स्वप्न गुरूला सांगायचे. तो फेस सॅपोनिन या साबणासारख्या द्रव्यामुळे येतो हे मी वर्गात शिकवते, आणि तरीही मखुलूंच्या ओसरीवर ते घुसळणे पाहताना ते वाक्य मला अपुरे वाटते. विधीच्या वेळी बोकड कापतात. तो ओरडला तर पूर्वजांनी मान्य केले, असे समजतात. त्या ओरडण्याची वाट पाहत मी तिथे उभी राहू शकेन का, हे मला सांगता येत नाही.

शैला, आपण दोघींनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरांतून तळहातावर कापूर जाळून दाखवला आहे. भोंदूबाबाच्या नाटिकेत तुझी दाढी चहाच्या कपात पडली आणि तू ती पिळून पुन्हा लावलीस, तेव्हा साऱ्या गावाने तुला बाबा म्हणून खरोखर पसंत केले होते. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा खून झाला, त्या दिवशी आपण एकमेकींशी एक शब्द बोललो नाही, आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा तुझाच फोन पहिला आला. आजीला वैद्य दाखवायला हवा होता, देवी नव्हे, असे तू कॉलेजात म्हणाली होतीस. मी तेव्हा भांडले, आणि आजही माझे मत तेच आहे. आजीने कोणाकडून पैसा घेतला नाही, कोणा बाईला चेटकीण ठरवले नाही. दिवसभर राबलेल्या बायका तिच्यापुढे बसून रडत आणि हलक्या होऊन जात. मखुलूंकडेही मी तेच पाहते.

तू नोंगकाऊसेचे उदाहरण देशील. १८५६-५७ मध्ये त्या मुलीच्या दृष्टांतावरून झोसांनी सुमारे ४ लाख गुरे मारली आणि सुमारे ४० हजार माणसे उपासमारीने गेली. ते खरे आहे. पण त्याआधी गोऱ्यांच्या गुरांबरोबर आलेला फुफ्फुसाचा रोग गोठे रिकामे करत होता आणि युद्धांमागून युद्धांत जमीन गेली होती, हेही खरे आहे. मी ज्या गावात राहते त्याला २०१८ मध्ये माखांडाचे नाव मिळाले. तोही द्रष्टा होता, त्याने १८१९ मध्ये याच गावावर हल्ला केला आणि रॉबेन बेटावरून निसटताना तो बुडाला. ज्यांच्याकडून इतके हिरावले गेले, त्यांच्या उरलेल्या विद्येवर माझ्यासारख्या बाहेरच्या बाईने हात ठेवावा का? बाहेरून येऊन शिकणाऱ्या गोऱ्यांविषयी येथे कडवट बोलले जाते, आणि मला ते समजते. मखुलूंचे उत्तर असे, की झोसांचे पूर्वज मला बोलावत नाहीत, माझेच बोलावतात. त्या फक्त वाट दाखवतील. ते उत्तर उदार आहे, पण त्याने माझे ओझे वाढले. विश्वास नसताना ते मणी घातले तर ती चोरी होईल. विश्वास असेल तर तुला तोंड कसे दाखवू?

आणि आजीचे नाव मला ठाऊकच नाही. येथे लग्नानंतरही बाई वडिलांच्या कुळाच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे तांदळात बोट फिरवून नवे नाव लिहिले आणि आजीचे माहेरचे नाव त्या दिवसापासून कोणी उच्चारले नाही. रेशनकार्डावर लक्ष्मीबाई एवढेच उरले. आई असती तर विचारले असते. होकार द्यायचा की नकार, हे नंतर ठरवीन, पण हाक मारणारी कोण हे न कळता नकारही देववत नाही.

तुझ्या दवाखान्याची नवी जागा छान आहे, फोटो पाहिले. मुक्ताचे अभिनंदन. गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलू नकोस. अण्णांना नमस्कार.

एक काम कर. येत्या रविवारी मावशीकडे जा आणि आजीचे माहेरचे नाव व तिच्या आईचे नाव विचारून घे. मावशीला डाव्या कानाने नीट ऐकू येते, त्या बाजूला बस. कशासाठी हवे ते तिला सांगितलेस तरी चालेल.

तुझी,
मंगल