बाला देवीचे गोल नक्की किती?

मा. संपादक,
स. न.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलवरून सख्ख्या भावांत बोलणं बंद होतं. पेठ सांगितली की संघ कळतो. पण परवा शाहू स्टेडियमबाहेर चहाच्या गाड्यावर मी सहज विचारलं, भारतीय महिला संघाकडून सगळ्यात जास्त गोल कुणाचे? पाच-सहा जण होते, सगळे मुरलेले. एक म्हणाला, "छेत्री." मग आपलं आपणच हसला, कारण सुनील छेत्री पुरुषांच्या संघातला. पुढे कुणालाच नाव आलं नाही.

नगांगोम बाला देवी. मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातल्या इरेंगबामची, जन्म १९९०चा. लहानपणी पोरांच्यात खेळली आणि पंधराव्या वर्षी देशाच्या संघात आली. पोलिसात नोकरी, मणिपूर पोलीस संघाकडून बरीच वर्षं खेळली.

आता हिशेब बघा. जानेवारी २०२०मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने तिला करारबद्ध केलं, तेव्हा सगळीकडे छापून आलं की २०१०पासून ५८ आंतरराष्ट्रीय सामन्यांत तिचे ५२ गोल आहेत. पुढे ऑक्टोबर २०२४मध्ये काठमांडूला दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा झाली. तिथून बातमी आली, बाला देवी ५० आंतरराष्ट्रीय गोल करणारी पहिली भारतीय महिला! म्हणजे पावणेपाच वर्षांनी बाईंचे दोन गोल कमी झाले. बँकेच्या पासबुकात असं झालं असतं तर आपण मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन बसलो असतो. कुठले सामने धरायचे आणि कुठले सोडायचे यावर आकडा हलतो, हे मलाही कळतं. पण कॅनडाची फुटबॉलपटू क्रिस्टीन सिंक्लेअर हिचे १९० गोल जगात कुणालाही विचारा, १९०च सांगतील. तिला देशाकडून ३३१ सामने मिळाले, हा भाग वेगळा.

वेगळा म्हणालो खरा, पण खरं दुखणं तेच आहे. २००९मध्ये आपला महिला संघ फिफाच्या क्रमवारीतूनच गळाला, कारण दीड वर्ष एकही सामना खेळलेला नव्हता. बाला तेव्हा एकोणीस वर्षांची. गोल मारणाऱ्या स्ट्रायकरच्या पायाला धार चढते ती नेमकी याच वयात. महिलांची राष्ट्रीय लीग सुरू व्हायला २०१७ उजाडलं. २०१९च्या मे महिन्यात लुधियान्यात तिने त्या लीगमध्ये सात सामन्यांत २६ गोल मारले. आकडा वाचून माणूस तोंडात बोट घालतो. मला मात्र त्यातला सातचा आकडा जास्त बोचला. अंतिम सामन्यात तिचा संघ सेतू एफसी या संघाकडून हरला आणि संपला मोसम. पुरुषांची लीग महिनोन् महिने चालते.

रेंजर्सचंही तसंच. दहा नंबरची जर्सी मिळाली आणि दोन महिन्यांत कोरोनाने मैदानं बंद केली. डिसेंबर २०२०मध्ये मदरवेलविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरली आणि गोल मारला. रेंजर्स ९-० जिंकले. युरोपात व्यावसायिक करार होणारी ती पहिली भारतीय महिला, करार झाला तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर. नंतर गुडघा गेला. २०२२च्या जानेवारीत आशिया चषक इथे नवी मुंबईत आला, पण ती संघात नव्हती. इराणशी ०-० बरोबरी झाली आणि मग संघातच कोरोना शिरल्याने पुढचा सामनाही होऊ शकला नाही. इराणविरुद्ध ती असती तर, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. कोल्हापूरकराला 'असती तर' म्हणायला फार लागत नाही म्हणा.

हे पत्र लिहायचं कारण घरातलं आहे. माझी पुतणी पुढच्या फळीत खेळते, वय चौदा. मुलींच्या मापाचे स्टडचे बूट दुकानात मिळाले नाहीत, म्हणून पोरांचे घेऊन पुढच्या टोकाला बोळा कोंबते. मध्यंतरी एका दोन दिवसांच्या स्पर्धेत तिने चार गोल मारले. संयोजकांचा निकालाचा कागद मी मागून बघितला. त्यावर गोल करणारीचं नाव नव्हतंच, नुसतं '९ नंबर'. आणि ९ नंबरची जर्सी त्या दिवशी दोघींनी आलटून पालटून घातली होती, कारण जर्सी कमी पडल्या होत्या. तेव्हापासून ती स्वतःच वहीत लिहिते : तारीख, समोरचा संघ, उजवा पाय की डावा. डोक्याने मारलेला अजून एकच आहे, त्याला लाल शाईने चौकट केली आहे.

आपल्या क्रीडा पानावर पेठांच्या सामन्यांचा निकाल छापताना गोल कुणी, कितव्या मिनिटाला मारला, हे आपण आवर्जून देता. मुलींच्या सामन्याला जागा मिळालीच तर 'अमुक शाळा विजयी' एवढंच येतं. तिथेही नावं आणि मिनिटं द्या, एवढीच विनंती. वार्ताहर पाठवणं जमत नसेल तर सामना संपल्यावर तासाभरात मी स्वतः यादी कचेरीत आणून देईन.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर