वाचलेली बातमी पुन्हा ‘न वाचलेली’ का होते?

महोदय,

बोरिवलीहून चर्चगेटला येईपर्यंत फीड रीडरमधल्या (अनेक स्थळांच्या नव्या बातम्या एका यादीत दाखवणाऱ्या ॲपमधल्या) चाळीस बातम्या संपवाव्यात आणि दुपारी पाहावे तर त्यातल्या पंधरा पुन्हा ठळक अक्षरांत! अशा वेळी लोक ॲप काढून नव्याने टाकतात. त्याचा सहसा उपयोग होत नाही, कारण गडबड बहुधा वृत्तस्थळाच्या फीडमध्ये, म्हणजे ते स्थळ रीडरला पुरवते त्या बातम्यांच्या यादीत, असते.

रीडर बातमीला मथळ्यावरून ओळखत नाही. फीड बहुधा आरएसएस २.० किंवा ॲटम या साच्यात असते; पहिल्यात बातमीला सहसा ‘जीयूआयडी’ हा ओळख पटवणारा मजकूर असतो, दुसऱ्यात ‘आयडी’. वाचल्याची खूण त्याला चिकटते. तो बदलला की रीडरच्या लेखी बातमी नवी. बऱ्याच ठिकाणी बातमीची लिंकच जीयूआयडी म्हणून दिलेली असते आणि लिंक मथळ्यावरून बनते. मग पावसात ‘मध्य रेल्वे विस्कळीत’चा मथळा चारदा सुधारला, की वाचकाकडे तीच बातमी आणखी चारदा येते. लिंकच्या शेपटाला जाहिरात-मोजणीचे शब्द जोडले, किंवा तिच्या सुरुवातीच्या ‘एचटीटीपी’चे ‘एचटीटीपीएस’ झाले, तरी तेच.

तपासणे सोपे आहे. फीडचा पत्ता संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडा, पानाचा सोर्स पाहा, एका बातमीचा जीयूआयडी जसाच्या तसा उतरवून ठेवा. तासाभराने पुन्हा पाहा. एक अक्षर जरी हलले असेल तर ॲपला दोष देऊ नका. जीयूआयडी तोच असूनही बातमी परतत असेल तर रीडरची सेटिंग्ज बघा. फ्रेशआरएसएस आणि टायनी टायनी आरएसएस या रीडरांमध्ये ‘मजकूर बदलल्यास न वाचलेले करा’ असा पर्याय आहे. दर दहा मिनिटांनी भर पडणाऱ्या बातम्यांच्या फीडसाठी तो बंदच बरा.

वेळेचा घोळ वेगळा. संध्याकाळी ६ची बातमी ‘+०५३०’ (भारतीय वेळेची खूण) न लिहिता ‘जीएमटी’ म्हणून पाठवली, तर रीडर ती रात्री साडेअकराची धरतो. ती तोवर यादीत वरच बसते, आणि ‘आत्तापर्यंतचे सगळे वाचले’ म्हटले तरी काही रीडरमध्ये तशीच उरते.

न वाचलेल्यांचा आकडा ३ आणि यादी रिकामी, असे दिसले तर आधी गाळणी (फिल्टर) आणि लपवलेले शब्द तपासा, मग यादी ‘जुने आधी’ अशी लावा. तळाशी दडलेले हे तिन्ही लेख मग बहुधा वर सापडतात. फीडली या रीडरमध्ये ३० दिवसांहून जुने लेख आपोआप वाचलेल्यांत जातात, तेव्हा तिथे आकडा स्वतःहून उतरला तर घाबरू नये. गाडीत रेंज नसताना वाचलेल्याच्या खुणा फोनमध्येच साठतात. रेंज आल्यावर ॲप एकदा उघडून यादी खाली ओढा, मगच घरच्या लॅपटॉपवरचा आकडा जुळेल. अँड्रॉइड ८ पासून आयकॉनवर येणारा ठिपका नोटिफिकेशनचा असतो. नोटिफिकेशन सरकवली की तोही जातो, वाचून झालेले असो वा नसो. आयफोनवर आकडा अडकला तर ‘लो पॉवर मोड’ चालू आहे का पाहा, कारण त्यात ॲप मागच्या मागे ताजे होणे थांबते.

आता विनंती आपल्यासारख्या वृत्तपत्रांना. वर्डप्रेस ही संकेतस्थळ चालवणारी प्रणाली प्रत्येक लेखाला जीयूआयडी एकदाच देते आणि पुढे मथळा किंवा लिंक बदलली तरी तो तसाच राहतो. पण संकेतस्थळ नव्या पत्त्यावर हलवताना तंत्रज्ञ डेटाबेसवर सरसकट ‘शोधा आणि बदला’ चालवतात, त्यात जीयूआयडीचा रकानाही बदलतो. दुसऱ्या दिवशी फीडमधले सगळे जुने लेख वाचकांच्या दारात नवे म्हणून हजर! तो एक रकाना वगळावा. जिथे स्वतःची प्रणाली आहे तिथे बातमीचा डेटाबेसमधला क्रमांक जीयूआयडी म्हणून द्यावा आणि ‘इज पर्मालिंक’समोर ‘फॉल्स’ (म्हणजे ‘ही लिंक नाही’) लिहावे. मग मथळा हवा तितक्यांदा बदला.

– फीड रीडर वापरणारे काही वाचक, बोरिवली, मुंबई