भिंत कोरी ठेवायला लावलीत, मावशी

आदरणीय मावशी,

आमच्या वास्तुकलेच्या वर्गाने केलेला आदिवासी मुलामुलींच्या वसतिगृहाचा आराखडा मंजूर झाल्याचं तुम्हाला फोनवर सांगितलंच. पण त्यात तुमचा वाटा किती, हे आमच्या वर्गाबाहेर कुणाला ठाऊक नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. वडोदऱ्यातल्या मराठी घरांत तुम्हाला पुष्कळजण ओळखतात; छोटा उदेपूरच्या शाळांमध्ये तुम्ही उभी नोकरी काढलीत, हे त्यातल्या थोड्यांनाच माहीत असेल.

काम हाती आलं तेव्हा मागणीपत्रातच एक ओळ होती: दर्शनी भिंतीवर पिठोरा चित्र काढावे. तुम्ही ती वाचलीत आणि एवढंच विचारलंत, "नवस कुणाचा?" मग वर्गातल्या मुलांना जवळ बसवून सगळं सांगितलंत. राठवा आदिवासींच्या घरात पिठोरा हे भिंतीवरचं चित्र नवस फेडायला काढतात. ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्या मधली भिंत ही त्याची मुख्य जागा. कुमारिका ती शेणामातीने सारवून वर पांढरी माती देतात. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात. लखारा, म्हणजे चितारी, घोडे, देव रंगवतो, पण त्याचा हात थांबला म्हणून काम पुरं होत नाही. बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, अंगात आल्यावर एकेक आकृती ओळखतो, काय राहिलं ते सांगतो, आणि राहिलेलं भरावं लागतं. जिथे ना कुणाचं घर, ना नवस, ना बडवा, तिथे स्वागतकक्षाची शोभा म्हणून हे घोडे कशाला, असं तुम्ही समितीपुढे स्पष्ट बोललात. ती ओळ निघाली. भिंत कोरी आहे. तिथे काय करायचं, काही करायचं की नाही, हे राहायला येणारी मुलं ठरवतील.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती तुमची दुसरी अट: नकाशा समितीकडे जाण्याआधी गावात दाखवायचा. तेजगढच्या बाजूच्या राठवा पाड्यांत तुम्ही आम्हाला नेलंत, आणि डभोई-वाघोडिया भागातल्या पुनर्वसन वसाहतींतही. सरदार सरोवराखाली गावं गेलेली माणसं तिथे राहतात. आपल्या अक्कलकुवा-अक्राणीकडचीही काही त्यांत आहेत. एका वसाहतीत एका आजींनी मॉडेलमधली थर्मोकोलची भिंत दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली आणि विचारलं, "आम्ही भेटायला आलो नि शेवटची बस गेली, तर निजायचं कुठे?" मक्याचं पोतं घेऊन आलेल्या आईबापांना ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवून ठेवणारी वसतिगृहं मी पाहिली आहेत. आता आपल्या नकाशात प्रवेशालाच लांब ओसरी आहे, कडेला चूल आहे, पाण्याचा नळ आहे. पाहुण्यांसाठी वेळेची पाटी नाही.

बुडालेल्या गावांची नावं अंगणातल्या फरशीवर कोरावीत, असं वर्गातल्या मुलांच्या मनात होतं. वसाहतीत यावर बराच वाद झाला. नावं हवीतच, असं काहींचं म्हणणं; गावावर पाय देऊन मुलं जातील, हे काहींना सहन होईना. तुम्ही मध्ये पडला नाहीत, आम्हालाही पडू दिलं नाहीत. शेवटी त्यांच्यातच ठरलं: नावं ओट्याच्या पाठभिंतीवर, बसल्यावर हाताला लागतील अशी.

वर्गात आम्ही कॅनडातलं ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ अभ्यासत होतो. मस्क्विअम या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी कधीही सोडून न दिलेल्या जमिनीवर ते उभं आहे. तिथे 2018 साली मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी चालवलेल्या निवासी शाळांच्या इतिहासाचं केंद्र उघडलं. वास्तुकार आल्फ्रेड वॉ. मुलं तांब्याच्या छपरावर लुब्ध होती. तुमचा प्रश्न वेगळाच होता: त्या लोकांना तिथे काय मिळतं? उत्तर शोधलं तेव्हा कळलं, की घरांतून तोडून या शाळांत घातलेल्या दीड लाखांवर मुलांपैकी जे उरले त्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना आपल्या शाळेचे कागद पाहता यावेत, आपली हकिगत सांगता यावी, हे त्या केंद्राचं मुख्य काम. आपल्या नकाशातली कागदपत्रांची खोली त्यातूनच आली. वसाहतींतल्या लोकांनी पिशव्यांत जपलेल्या जमिनीच्या नोटिसा, नुकसानभरपाईच्या पावत्या तिथे स्कॅन होतील, मूळ कागद त्यांच्याच घरी राहतील. म्हाताऱ्यांचं बोलणं त्यांच्या भाषेत ध्वनिमुद्रित होईल. तेजगढच्या आदिवासी अकादमीत गणेश देवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवाज जपणारं संग्रहालय उभं केलं, त्याचा आधार आम्हाला फार झाला.

सयाजीराव महाराजांबद्दल तुम्ही बोललात तेही इथे नोंदवते. 1906 मध्ये बडोदे संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. कॅनडाच्या शाळांशी त्याची बरोबरी होत नाही. तरी सोनगडला आलेल्या मुलांची बोली, देव, घरचं जेवण यांचं काय झालं, हे विचारायला तुम्ही आमच्या मुलांना धीर दिलात. वडोदऱ्यातल्या मराठी माणसाने हे विचारणं सोपं नाही, म्हणून त्याचे आभार वेगळे.

पावसाळा संपला की पाया खणायला घेतील. त्याआधी शेवटचे नकाशे घेऊन पुन्हा वसाहतीत जायचं आहे, चुलीची जागा त्या आजींना दाखवायची आहे. तुम्ही बरोबर असाल तर बरं. दांडिया बाजारातून तुम्हाला घ्यायला गाडी आणते, दिवस तेवढा कळवा.

तुमची ऋणी,
वास्तुकलेची एक शिक्षिका, वडोदरा