सुट्टीच्या आठवड्यात कुलपे उघडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांना आठवडाभराची सुट्टी लागायची वेळ आली की वृत्तपत्रांच्या स्थानिक पानांवर मुलांसाठीच्या शिबिरांच्या आणि वर्गांच्या जाहिराती दिसू लागतात. त्या वाचताना एक गोष्ट सतत खटकते. यांपैकी बहुतेक उपक्रमांत मुलाला आणून सोडायचे आणि ठरल्या वेळी घेऊन जायचे, एवढेच काम पालकांकडे उरते. ‘संपूर्ण कुटुंबासाठी’ असे ठळक अक्षरांत छापलेल्या कार्यक्रमांतही आईवडील बहुधा भिंतीला टेकून मोबाइल पाहत उभे असतात, धाकट्या भावंडाला वयाच्या अटीमुळे प्रवेश नसतो आणि आजीआजोबांना बसायला खुर्ची नसते. मुलांसाठी कोणी काही करत नाही, अशी माझी तक्रार नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की अशा छोट्या सुट्टीसाठी नवनवे सोहळे उभारण्यापेक्षा परिसरात आधीपासून असलेल्या, पण नेमक्या सुट्टीतच बंद राहणाऱ्या जागा उघडाव्यात आणि तेथे मुलांना व मोठ्यांना मिळून काही करता येईल अशी सोय करावी.

आठवडाभराच्या सुट्टीची अडचण मोठ्या सुट्टीहून वेगळी असते. मोठ्या सुट्टीत नातेवाइकांकडे जाता येते, प्रवास आखता येतो, एखादी कला शिकायला सुरुवात करता येते. आठवड्यात यांतले काहीच धड होत नाही. दोन्ही पालक नोकरी करत असतील तर दोघांना मिळून एखाद-दोन दिवसांचीच रजा मिळते, आणि उरलेले दिवस शेजारी, आजीआजोबा व मोबाइल-टीव्हीचा पडदा यांच्यात वाटले जातात. म्हणूनच या आठवड्याला घरापासून चालत जाता येईल अशा, नावनोंदणीची अट नसलेल्या आणि संध्याकाळीही चालणाऱ्या उपक्रमांची गरज असते. सकाळी अकरा ते दुपारी एक ही आयोजकांची आवडती वेळ नोकरदार घरांना कधीच सोयीची नसते, हे सांगायला खरे तर पत्र लिहावे लागू नये.

सर्वांत आधी शाळेच्या मैदानाबद्दल लिहितो. वर्षभर ज्या मैदानावर मुले धावतात, त्याच्या फाटकाला सुट्टीच्या पहिल्याच दिवशी कुलूप लागते. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये केली आहे. शाळा सुरू असताना चालणे, मधली सुट्टी आणि खेळाचा तास मिळून यातला काही भाग आपोआप पुरा होतो. सुट्टीत तो आधार जातो आणि मैदानही जाते. फाटक उघडे ठेवल्यास जबाबदारी कोणाची, हा शाळांचा प्रश्न रास्त आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. मात्र त्यावर तोडगा निघू शकतो. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास मैदान उघडावे, प्रत्येक वेळी किमान दोन पालक थांबतील अशी पाळी पालक संघाने लावावी, येणाऱ्यांची नोंद वहीत ठेवावी, प्रथमोपचाराची पेटी व पिण्याचे पाणी हाताशी असावे आणि इमारतीचे वर्ग बंदच राहावेत. यासाठी मंडप लागत नाही, ध्वनिवर्धक लागत नाही आणि प्रमुख पाहुणेही लागत नाहीत. (मुलांच्या कार्यक्रमांत पाहुण्यांची वाट पाहण्यात गेलेला वेळ कधी कधी मुख्य कार्यक्रमाहून मोठा असतो, हे अनेक वाचकांनी अनुभवले असेल.)

मैदान उघडल्यावर तेथे मुलांना काय द्यायचे, याचे उत्तर डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात सापडते. सी. थ. सोरेनसेन या उद्यानरचनाकाराच्या लक्षात आले होते की मुलांसाठी मुद्दाम बांधलेल्या बागांपेक्षा बांधकामाच्या जागी पडलेल्या वस्तूंशी खेळणे मुलांना अधिक आवडते. त्यातून १९४३ मध्ये, युद्धाच्या काळात, कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे फळ्या, विटा, दोर आणि हत्यारे असलेले खेळाचे मैदान उभे राहिले. पुढे लेडी अॅलन ऑफ हर्टवुड या ब्रिटिश उद्यानरचनाकार बाईंनी ही कल्पना ब्रिटनमध्ये नेली आणि बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या मोकळ्या जागांवर तशी मैदाने तयार झाली. आठवडाभरासाठी एवढे सगळे करण्याची गरज नाही. मोठी खोकी, जुन्या चादरी, दोर, टायर आणि फळ्यांचे तुकडे एका कोपऱ्यात ठेवले तरी वेगवेगळ्या वयांची मुले त्यांतून घरे, पूल आणि किल्ले उभारतात, आणि वजनदार फळी उचलायला मोठ्या माणसाची मदत लागते तेव्हा भिंतीला टेकलेले वडील आपोआप खेळात ओढले जातात. येथे धोक्याचा विचार नेमकेपणाने करावा लागतो. फांदी किती उंच आहे हे मुलाला दिसते आणि चढायचे की नाही हे ते ठरवू शकते. फांदी आतून कुजली आहे किंवा फळीत खिळा आहे, हे त्याला दिसत नाही. मोठ्यांनी न दिसणारा धोका आधी दूर करावा आणि दिसणारा धोका मुलांच्या अंदाजावर सोडावा. दर दोन मिनिटांनी ‘पडशील’ असे ओरडण्याने हे दोन्ही साधत नाही.

ग्रंथालयांचेही असेच. सुट्टीच्या आठवड्यात मुलांना वेळ असतो आणि ग्रंथालयाचा बालविभाग मात्र बंद असतो किंवा कर्मचारी रजेवर असतात. ब्रिटनमधल्या सार्वजनिक ग्रंथालयांत १९९९ पासून उन्हाळी सुट्टीत वाचनाचा उपक्रम चालतो, ज्यात मुलाने सुट्टीत आपल्या आवडीची सहा पुस्तके वाचावीत अशी साधी अपेक्षा असते. त्यात पुस्तक कोणते, हे मूल ठरवते, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आठवड्यासाठी हेच छोट्या प्रमाणावर करता येईल: संध्याकाळी एक तास मोठ्यांनी मुलांना आणि मुलांनी मोठ्यांना मोठ्याने वाचून दाखवावे, सभासद नसलेल्यांनाही त्या तासापुरते आत येऊ द्यावे, आणि त्यावर प्रश्नपत्रिका मुळीच काढू नये. संग्रहालयांबद्दल फार लिहीत नाही. लहान मुलांसाठीचे पहिले संग्रहालय १८९९ मध्ये ब्रुकलिन येथे सुरू झाले आणि सॅन फ्रान्सिस्को येथे १९६९ पासून फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने स्थापलेल्या विज्ञान संग्रहालयात वस्तू हाताळूनच पाहायच्या असतात. ‘हात लावू नये’ ही पाटी वर्षभर राहिली तरी चालेल. निदान या आठवड्यात एक टेबल असे असावे, ज्यावरच्या वस्तूंना हात लावता येईल.

खर्च जवळजवळ शून्य आणि सर्व वयांना सारखाच आनंद देणारा उपक्रम म्हणजे आकाशदर्शन. ते आखताना आयोजक हमखास पौर्णिमा निवडतात. प्रत्यक्षात पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडते, सावल्या दिसत नाहीत आणि त्याचा उजेड बाकीचे तारेही पुसून टाकतो. शुक्ल अष्टमीच्या आसपास सूर्य मावळतो तेव्हा अर्धा चंद्र आकाशात उंच असतो; उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर ऊन तिरपे पडल्याने विवरांच्या कडा साध्या दुर्बिणीतूनही उठून दिसतात, आणि लहान मुलांना झोपेच्या वेळेआधी घरी परतता येते. त्या काळात गुरू संध्याकाळच्या आकाशात असेल तर त्याचे चार मोठे चंद्रही, हात स्थिर ठेवला तर, द्विनेत्रीतून (दोन्ही डोळ्यांनी पाहायच्या दुर्बिणीतून) ठिपक्यांसारखे दिसतात. गॅलिलिओने ते १६१० मध्ये पाहिले होते, आणि लागोपाठ दोन-तीन रात्री त्यांची जागा कागदावर टिपली तर ते फिरतात हे दहा वर्षांच्या मुलालाही स्वतःच्या डोळ्यांनी पटते. सुट्टीच्या आठवड्यात लागोपाठ रात्री मोकळ्या मिळतात, हा येथे मोठाच फायदा आहे.

सकाळची वेळ पक्ष्यांसाठी ठेवावी. १९९८ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झालेली आणि २०१३ पासून जगभर होणारी पक्षीगणना दर फेब्रुवारीत चार दिवस चालते. त्यात भाग घेणाऱ्याने एका जागी किमान १५ मिनिटे थांबून दिसलेले पक्षी मोजायचे असतात. गणनेचा महिना नसला तरी ही पद्धत उचलण्यासारखी आहे. पंधरा मिनिटे सहा वर्षांच्या मुलाच्या आवाक्यातली असतात, आणि रोज त्याच झाडाखाली, त्याच वेळी थांबले तर चौथ्या-पाचव्या दिवशी मूल न सांगता तुलना करू लागते. नाव माहीत नसलेल्या पक्ष्याचे चित्र काढावे, रंग आणि चोचीचा आकार टिपावा. नाव नंतर शोधता येते.

रस्त्याचाही विचार व्हावा, कारण अनेक वस्त्यांत मैदानच नसते. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून चालत आलेल्या प्रथेनुसार रविवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांना सकाळी ७ ते दुपारी २ या वेळेत १०० किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते मोटारींसाठी बंद करून चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना दिले जातात. आपल्याला एवढ्याची गरज नाही. वाहतूक विभागाच्या परवानगीने एखादी आतली गल्ली दोन तास बंद केली, रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडीसाठी वाट मोकळी ठेवली, की पकडापकडीपासून सायकल शिकण्यापर्यंत सगळे दारातच होते. अग्निशमन केंद्र, रोपवाटिका, पाणी शुद्धीकरण केंद्र अशा ठिकाणी कुटुंबांसाठी तासाभराची भेट ठेवता येईल, पण ती छोट्या गटांनी व्हावी. शंभर मुलांच्या रांगेत मागच्यांना फक्त पुढच्याची पाठ दिसते.

अपंग मुले आणि गोंगाटाने अस्वस्थ होणारी मुले यांचा विचार ‘विशेष कार्यक्रम’ म्हणून वेगळा ठेवू नये. चाकाच्या खुर्चीला उतार, वापरण्याजोगे स्वच्छतागृह, आणि दिवसातला एक तास दिवे मंद व आवाज कमी, एवढी तयारी असली की भावंडांना वेगवेगळे पाठवावे लागत नाही. याच कारणाने स्पर्धांबद्दलही माझे मत प्रतिकूल आहे. चित्रकला स्पर्धेत तिघांना बक्षीस मिळते आणि उरलेल्यांना आपल्याला चित्र काढता येत नाही असा समज मिळतो. शिवाय पालक शेजारी बसून स्वतःच रंग भरू लागतात. एक लांबलचक कागद जमिनीवर अंथरून सर्वांनी त्यावर मिळून काढले तर पालकांनी रंग भरण्यालाही हरकत राहत नाही.

इतके सगळे सुचवल्यावर एक गोष्ट त्याच्या विरुद्ध सांगतो, कारण आयोजकांचा आणि पालकांचा उत्साह मला ठाऊक आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात खेळाआधी विश्रांतीचा आणि मोकळ्या वेळेचा उल्लेख आहे. आठवड्यातले निदान दोन दिवस पूर्णपणे रिकामे ठेवावेत. मूल कंटाळले की लगेच उपक्रम शोधायला धावू नये. कंटाळ्यातून मुले बहुतेक वेळा स्वतःच बाहेर येतात, आणि त्यासाठी काढलेला खेळ कोणत्याही वेळापत्रकात बसणारा नसतो.

शेवटी आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. सुट्टीतल्या उपक्रमांची माहिती छापताना तारीख आणि स्थळ यांबरोबर पाच गोष्टी द्याव्यात: कोणत्या वयांसाठी, मोठ्यांनी सोबत थांबायचे की नाही, धाकट्या भावंडाला प्रवेश आहे का, चाकाची खुर्ची जाऊ शकते का, आणि पाऊस किंवा कडक ऊन असल्यास काय पर्याय आहे. आयोजकांनी ही माहिती दिली नाही, तर ती दिली नाही असेच छापावे. ही यादी सुट्टी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी न देता किमान दहा दिवस आधी दिली, तर नोकरदार पालकांना रजेचा एकुलता एक दिवस कोणता मागायचा, हे ठरवता येईल.

आपला विश्वासू,
एक पालक