आईच्या नागरिकत्वाला हातभार लावणाऱ्यांचे आभार

वयाची 65 वर्षे उलटलेल्या आणि 20 वर्षे अमेरिकेचे कायम रहिवासी असलेल्यांना नागरिकत्वाची परीक्षा मातृभाषेत देता येते, 20 प्रश्नांचाच अभ्यास करावा लागतो आणि विचारलेल्या 10 पैकी 6 उत्तरे पुरतात, हे इंदुरात राजवाड्याजवळ राहणाऱ्या काकूंनी सांगितले नसते, तर इंग्रजीच्या धास्तीने आईने अर्जच केला नसता. काकू, आपले ऋण मोठे आहे. रामबागेतल्या निवृत्त गुरुजींनी फोनवरून, एकदाही आवाज न चढवता, तिची मराठीत तयारी करून घेतली. एवढा धीर आम्हां मुलांनाही धरता आला नाही. मुलाखतीत तिचा शब्द न् शब्द नेमका पोहोचवणाऱ्या दुभाषी ताईंचे आणि शपथविधीनंतर ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांसाठीच्या ओळखपत्राचा) अर्ज भरून देणाऱ्या शेजाऱ्यांचेही मनःपूर्वक आभार.