रोज मरे त्याला कोण रडे

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात कॉम्प्युटरवर येतं ते बहुतेक मोबाईल आणि एआय बद्दलच असतं, म्हणून म्हटलं जरा आमच्या खालच्या मजल्यावरचं रडगाणं पण छापा. मी लिनक्स कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे) ड्रायव्हर लिहितो, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, पुण्यात. गेल्या महिन्यात एक बोर्ड रात्री मधेच हँग व्हायचा आणि डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग (नोंदवही), उघडलं की वरपासून खालपर्यंत एकच ओळ, टेम्परेचर रीड ओके, सेकंदाला वीस वेळा, आणि ती पण इन्फो, म्हणजे साध्या माहितीच्या लेव्हलला! कर्नलचा लॉग बफर, म्हणजे या नोंदी साठवायची जागा, आमच्याकडे डिफॉल्टच होता, 128 केबी, म्हणजे दीड-दोन मिनिटांत जुनं सगळं पुसलं जातं, त्यात खरी एरर कधीच वाहून गेलेली.

आता कोणी म्हणेल मशीन बूट करताना क्वाएट हा पर्याय टाका की, झालं. अहो त्याने फक्त कन्सोल, म्हणजे नोंदी दिसतात तो स्क्रीन किंवा सिरीयल वायर, गप्प होतो, बफर भरायचा तो भरतोच. आणि कन्सोल चालू ठेवला तर वेगळीच गंमत, 9600 बॉडच्या (सेकंदाला साधारण 960 अक्षरं) सिरीयलवर साठ अक्षरांची एक ओळ जायला साठेक मिलीसेकंद लागतात, तेवढा वेळ प्रोसेसर अडकून बसू शकतो.

नोंदीच्या लेव्हल आठ आहेत, 0 इमर्जन्सी ते 7 डीबग, आकडा लहान तेवढं प्रकरण गंभीर. पण नवीन पोरं (आणि खरं सांगायचं तर जुने सुद्धा, मी धरून) आपली ओळ स्क्रीनवर दिसावी म्हणून सरळ एरर लेव्हल ठोकतात. युजरच्या प्रोग्रॅमने चुकीचा आर्ग्युमेंट पाठवला तर त्याला ईइनव्हॅल (आर्ग्युमेंट चुकलं असं सांगणारा एरर कोड) परत करा ना, लॉगमध्ये एरर कशाला छापता, उद्या कोणीही लूप लावून लॉग भरून टाकेल. हार्डवेअरने खरंच उत्तर दिलं नाही तर एरर, आणि ती पण परत परत येणार असेल तर रेटलिमिट (ठरावीक वेळेत ठरावीकच ओळी) लावून. बाकी सगळं डेव्ह डीबीजी, म्हणजे डीबग लेव्हलला. कर्नलमध्ये डायनॅमिक डीबगची सोय असेल तर या डीबग ओळी छापणं हव्या त्या फाईलपुरतं, अगदी एका ओळीपुरतं सुद्धा चालत्या मशीनवर चालू करता येतं, कर्नल परत बिल्ड करायची गरज नाही.

ती ओके वाली ओळ डीबगला टाकली आणि त्याच रात्री एरर सापडली, आयटूसी (चिपशी बोलायची वायर) टाईमआऊट, म्हणजे वेळेत उत्तरच आलं नाही, एकच ओळ. टेम्परेचर वाली ओळ कोणी लिहिली होती ते गिट ब्लेमने सांगितलं, मीच, तीन वर्षांपूर्वी.

आपला,
एक वाचक, पुणे